पेढा शिकारीला जातो

साहेबाला ‘हो’ म्हणण्यापूर्वी माणसाने निदान तो काय विचारतोय एवढं तरी ऐकून घ्यावं. मी घेतलं नाही. दोन हजार दोन सालच्या जूनमधली गोष्ट. डॅरेल, म्हणजे माझा मॅनेजर, माझ्या क्यूबिकलच्या भिंतीवर कोपर टेकून बराच वेळ काहीतरी बोलत होता आणि मी त्याच्या हातातल्या पिवळ्या पाकिटाकडे बघत होतो. त्या दिवसांत आमच्या कंपनीत दर शुक्रवारी कोणाला ना कोणाला असं पाकीट मिळायचं आणि थोड्या वेळाने तो माणूस कुंडी, फोटोफ्रेम आणि कॉफीचा मग खोक्यात घालून पार्किंग लॉटकडे जाताना दिसायचा. डॅरेलचं बोलणं थांबल्यावर मी घाईघाईने ‘शुअर, शुअर, हॅपी टु’ म्हणून मोकळा झालो. पाकिटात कुत्र्याच्या लसींचे कागद होते.

संध्याकाळी डॅरेल ट्रक घेऊन अल्फारेटा या आमच्या अमेरिकेतल्या गावी दारात हजर. बुटाच्या खोक्यात एक बीगलचं पिल्लू. पांढरे पाय, काळी पाठ, तपकिरी डोकं आणि त्या डोक्याला न शोभतील एवढे लांब कान. डॅरेल उत्तर जॉर्जियातल्या डोंगराकडचा, शिकारी घराण्यातला. त्याने माझ्या ‘हो’चा अर्थ मला समजावून सांगितला. त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती आणि सगळ्यांना एकट्याने शिकवणं त्याला जमत नव्हतं. आमच्याकडे मोठं बॅकयार्ड होतं, लहान मुलगी होती. मी हे पिल्लू सांभाळायचं आणि सशाच्या वासावर चालायला शिकवायचं. नोव्हेंबरात सशांचा सीझन सुरू झाला की त्याची परीक्षा.

“चांगला निघाला तर मी नेईन,” डॅरेल म्हणाला. “नाही निघाला तर तुम्हीच ठेवा. घरात लोळायला बरा आहे.”

“अहो, हे काय आणलंत?” ट्रक गेल्यावर नीलांबरीने विचारलं. माझ्या बायकोला ज्या प्रश्नाचं उत्तर समोर दिसत असतं तोच प्रश्न विचारायची सवय आहे. मी म्हटलं, आणलं नाही, आलं.

आमची रुही आठ वर्षांची. पुण्याहून आली तेव्हा तीन वर्षांची होती. आता मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत. तिने पिल्लाच्या डोक्याचा रंग बघून त्याचं नाव पेढा ठेवलं, त्याला मांडीवर घेतलं, डॅरेलची अट माझ्याकडून पुन्हा एकदा नीट समजून घेतली आणि म्हणाली, “सो वी वाँट हिम टु फेल.”

मी कंपनीत सीनियर अॅनालिस्ट आहे. पण एखाद्या प्रकरणाचं इतकं नेमकं अॅनालिसिस मला आजवर जमलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी देवदत्तला हे सांगितलं. देवदत्त नागपूरचा, माझ्याच टीममधला, आणि सल्ला देण्यासाठी त्याला विचारावं लागत नाही. “अरे यार,” तो म्हणाला, “लोक बॉससाठी गोल्फ शिकतात. तू डायरेक्ट शिकारीवर गेला?” मग त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “पण मी काय म्हणतो, सीरियसली घे. तुझ्या ग्रीन कार्डाच्या पेपरवर कोणाची सही पाहिजे? डॅरेलची. लेऑफची लिस्ट कोण बनवतो? डॅरेल. हे कुत्रं नाही, हे तुझं अप्रेजल आहे. कुत्रं फेल तर तू फेल.”

हे माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं. नोकरी गेली असती तर व्हिसा गेला असता आणि व्हिसा गेला असता तर घर, गाडी, रुहीची शाळा सगळं आवरून परत. म्हणजे आमच्या घरात दोन पक्ष पडले. रुही, आणि पिल्लाने पहिला वरणभात चाटल्यापासून नीलांबरीही, पेढा नापास व्हावा म्हणून झटणार, आणि मी एकटा तो पास व्हावा म्हणून. पेढ्याला मत विचारलं नव्हतं. तो सोफ्याखाली माझा ऑफिसचा बूट खात होता.

आता शिकवायचं म्हणजे नेमकं काय, ते डॅरेलने मला लंचच्या वेळात शिकवलं. बीगल डोळ्यांनी धावत नाही, नाकाने धावतो. ससा कितीही वळला तरी त्याच्या वासाची रेघ सोडायची नाही, आणि चालताना आवाज द्यायचा. हा आवाज म्हणजे भुंकणं नव्हे. लांबलचक, घशाच्या तळातून निघणारी हाळी. ती ऐकून शिकाऱ्याला कळतं की ससा कुठे पोचला. ससा मोठी फेरी मारून आपल्या जागी परत येतो, त्यामुळे शिकाऱ्याला धावावं लागत नाही, एका जागी उभं राहून ऐकलं की झालं. ज्या कुत्र्याला वास लागतो पण तो आवाज देत नाही, तो मुका. वास नसताना आवाज देतो तो खोटारडा. हरणाच्या मागे जातो तो वाया गेलेला. आमच्या ऑफिसात हे तिन्ही प्रकार होते आणि त्यांना प्रमोशनं मिळत होती, पण कुत्र्यांत चालत नाही म्हणे.

पेढा मुका निघाला. म्हणजे एरवी तो कुरकुरायचा, पोस्टमन आला की भुंकायचा, पण ती हाळी काही निघेना. जून गेला, जुलै गेला. डॅरेल रोज विचारायचा, “ओपन झाला का?” म्हणजे हाळी दिली का, आणि मी रोज ‘व्हेरी सून’ म्हणायचो. प्रोजेक्टबद्दलही मी हेच सांगत होतो.

शेवटी डॅरेलने मला सशाचं एक गोठवलेलं कातडं दिलं. ते दोरीला बांधून गवतावरून फरफटत न्यायचं आणि शेवटी झुडपात लपवायचं. पिल्लाने मागोमाग यायचं. आम्ही अंडंसुद्धा केकमधूनच खाणारी माणसं. “देवघर आहे घरात,” नीलांबरी म्हणाली. “ते आत येणार नाही.” बऱ्याच वाटाघाटी झाल्या. कातडं गराजमधल्या जुन्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये राहील, झाकण लावलेल्या डब्यात राहील, आणि तो डबा पुन्हा घरात येणार नाही, असं ठरलं. डबा म्हणजे अर्थातच दह्याचा रिकामा डबा. अमेरिकेतल्या मराठी घरात दह्याच्या डब्यात कढीपत्ता असतो, ओलं खोबरं असतं, सुया असतात. दही क्वचित असतं.

ऑफिसहून आलो की मी बार्बेक्यूच्या चिमट्याने ते कातडं उचलायचो, दोरीला बांधायचो आणि तोंड फिरवून मागल्या अंगणात फरफटत न्यायचो. पेढा चार पावलं मागे यायचा आणि मग थेट झोपाळ्याकडे जायचा. झोपाळ्यावर रुही ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घेऊन बसलेली असायची.

“रुही, हे चीटिंग आहे,” मी म्हटलं.

“आय अॅम जस्ट हॅव्हिंग अ स्नॅक, बाबा.”

मी नीलांबरीकडे बघितलं. नीलांबरी खिडकीतून आकाशाकडे बघत होती. मग तिने पेढ्याला आत बोलावून वरणभात घातला, वर तूप. लिंबू पिळलेला वरणभात एखाद्या कुत्र्याला इतका आवडताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

याच सुमारास सोसायटीच्या असोसिएशनचं पत्र आलं. कोणा शेजाऱ्याने तक्रार केली होती की या घरातला इसम रोज संध्याकाळी मेलेलं जनावर ओढत हिंडतो. मला मीटिंगला बोलावण्यात आलं. तिथे पाच शेजारी टेबलामागे बसले होते. त्यात जनावर नेमकं किती आहे, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. मी म्हटलं, फक्त बाहेरचं. याची त्यांनी नोंद घेतली. बराच खल होऊन असा निर्णय झाला की प्रशिक्षणाला हरकत नाही, मात्र सदर वस्तू झाकलेली असावी. अंमलबजावणी म्हणून मी ते कातडं रुहीच्या जुन्या गुलाबी मोज्यात घातलं. त्यानंतर अंगणातून मी एक गुलाबी मोजा ओढत नेताना दिसू लागलो, आणि शेजाऱ्यांनी मुलांना आमच्या बाजूला खेळायला पाठवणं बंद केलं.

तेवढ्याने भागलं नाही. नोव्हेंबरात डॅरेलबरोबर जायचं तर मलाही शिकारीचा परवाना हवा, आणि परवाना हवा तर आधी शिकारीतल्या सुरक्षिततेचा वर्ग करायला हवा. चाळिशीला आलेला मी, चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्चीवर बसून बंदूक रिकामी करून कुंपणापलीकडे कशी न्यावी ते शिकलो. आजूबाजूला सगळी शाळकरी पोरं, त्यांचे बाप मागे उभे. परीक्षेत मी पहिला आलो. बंदुकीला हातही न लावता शंभर टक्के. मराठी माणसाला परीक्षा समोर दिसली की स्वतःला आवरता येत नाही, विषय कोणता का असेना. शिक्षकाने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं, आणि घरी येऊन सांगितलं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो आणि त्या दिवशी अल्फारेटातलं निम्मं मराठी मंडळ जेवायला. जगन्नाथ काका आणि सुहासिनी काकूही होते. काका पाटबंधारे खात्यातून रिटायर होऊन मुलाकडे राहायला आलेले. पाटाचं पाणी आणि दुसऱ्यांचे संसार दोन्ही योग्य दिशेला वळवणं त्यांना आपलं कर्तव्य वाटतं. त्यांनी पेढ्याला निरखून बघितलं.

“कुत्रं पाळणं वाईट नाही,” काका म्हणाले. “दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात. पण मोरेश्वर, त्यांतलं एकही सशाच्या मागे गेल्याचं ऐकिवात नाही. तू याला दत्ताचा फोटो दाखवत जा.”

मी दाखवतो म्हटलं, आणि पेढ्याला लाँड्री रूममध्ये ठेवून दार ओढून घेतलं. ते नीट लागलं नव्हतं, हे मागाहून कळलं.

आरती सुरू झाली. तीस माणसं, चार झांजा, एक ताट आणि देवदत्त टिपेला. कोशिंबिरीला दही कमी पडलं म्हणून सुहासिनी काकू मधेच उठल्या. “गराजच्या फ्रीजमध्ये असेल, मी बघते, तू आरतीतून हलू नकोस,” असं नीलांबरीला सांगून गेल्या. आता दही खरोखरच तिथे होतं, खालच्या कप्प्यात. पण कातडं वापरायच्या आधी मऊ व्हावं लागतं, म्हणून मी सकाळीच तो डबा फ्रीझरमधून काढून त्याच कप्प्यात ठेवला होता. काकूंनी तो उचलला, हॉल ओलांडून किचनमध्ये आणला आणि झाकण उघडलं.

“अगंबाई, मोजा कोणी ठेवला दह्यात?” त्या म्हणाल्या आणि दोन बोटांनी तो ओढला. मोजा हातात आला. उरलेला ससा ओट्यावर पडला.

काकू किंचाळल्या, पण झांजांमध्ये ते कोणाला ऐकू गेलं नाही. ऐकू गेलं ते दुसरंच. लाँड्री रूमकडून एक आवाज आला, खोल, लांब, घर भरून टाकणारा. जगन्नाथ काकांनी मिटलेले डोळे न उघडता मान डोलावली. “वा! शंख कोणी आणला?”

पेढा दारातून बाहेर आला. नाक जमिनीला, शेपूट ताठ. काकू तो डबा घेऊन जिथून जिथून गेल्या होत्या तिथून तिथून, गराजच्या दारापासून, पाहुण्यांच्या पायांमधून, नऊवारी आणि झब्बे यांना वळसे घालत, एक पाऊलही न चुकता तो किचनपर्यंत गेला आणि प्रत्येक वळणावर त्याने हाळी दिली. ताटातला कापूर कलंडला. संध्या नावाच्या एका नव्या पाहुणीने मोदकांच्या परातीवर बसकण मारली. देवदत्त माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “यार, झालं तुझं अप्रेजल!” आणि मी, घरात गणपती बसलेले आणि ओट्यावर सशाचं कातडं पडलेलं असताना, बायको भिंतीला टेकून उभी असताना, आनंदाने दोन्ही हात वर केले. तो ओपन झाला होता! माझा पेढा ओपन झाला होता!

मग मला रुही दिसली. ती गणपतीशेजारी झांजा पोटाशी धरून उभी होती आणि रडत होती. तिला त्या आवाजाचा अर्थ माझ्याइतकाच कळला होता.

त्या दिवशी पाहुणे पिझ्झा खाऊन गेले. सुहासिनी काकूंनी कशाकशाचं प्रायश्चित्त घेतलं ते काकांनी मला फोनवर तपशीलवार सांगितलं. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मला दरवर्षी स्टेज लावायचं काम असे, ते त्या वर्षी माझ्याकडून काढून पार्किंग देण्यात आलं. नीलांबरी दोन दिवस माझ्याशी फक्त रुहीमार्फत बोलली आणि रुही माझ्याशी बोलतच नव्हती, त्यामुळे मला कोणाचेच निरोप मिळाले नाहीत.

पण डॅरेल खूश झाला. “आता कुठे जातोय,” तो म्हणाला, “एकदा तोंड उघडलं की कुत्रा मागे फिरत नाही.” ऑक्टोबरभर मी पेढ्याला घेऊन त्याच्या ओळखीतल्या एका कुंपण घातलेल्या रानात जायचो. तिथे खरे ससे होते. पेढा दर वेळी जास्त चांगला धावायचा आणि परत येताना गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचा. त्याच्या कानांत गवताची कुसळं अडकायची, ती मी सिग्नलला गाडी थांबली की काढायचो. मला ते पिल्लू फार आवडायला लागलं होतं, हे इथे स्पष्टच सांगतो. घरी मात्र हे बोलायची सोय नव्हती, कारण मी विरोधी पक्षातला.

सीझनचा पहिला शनिवार उजाडला. डॅरेलने बजावलं होतं की शिकारीच्या सकाळी कुत्र्याला अजिबात खायला घालायचं नाही. भरल्या पोटी कुत्रा धावत नाही. मी नारिंगी जाकीट चढवून खाली आलो तर नीलांबरी किचनमध्ये उकिडवी बसली होती आणि पेढा वरणभात खात होता. साधासुधा नाही, मोठं भांडं भरून. रुही शेजारी पायजम्यात उभी होती. मला बघून दोघी थिजल्या.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. भांडं उचलायला हवं होतं. त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या तिघांना पाकिटं मिळाली होती. मी रुहीकडे बघितलं, पेढ्याच्या हलणाऱ्या शेपटीकडे बघितलं, आणि ओट्यावरची तुपाची वाटी घेऊन त्याच्या भातावर पालथी केली.

“अहो,” नीलांबरी हळूच म्हणाली, “नोकरीचं काय?”

“होईल ते होईल,” मी म्हटलं. आयुष्यात इतकं बेजबाबदार वाक्य मी त्याआधी उच्चारलं नव्हतं. रुहीने येऊन माझ्या जाकिटाला मिठी मारली.

डॅरेलच्या रानात कमरेएवढं पिवळं गवत आणि त्यात काटेरी जाळ्या. त्याचे दोन मित्र होते, दोन मोठे कुत्रे होते. मोठे कुत्रे सोडल्यासोडल्या कामाला लागले. पेढा चार पावलं गेला, खाली बसला आणि त्याने ढेकर दिला. डॅरेलने त्याला उचलून जाळीपाशी ठेवलं. पेढा तिथे आडवा झाला. डॅरेल नुसता थुंकला. माझी नोकरी गेली असं मी धरून चाललो आणि त्याच वेळी मनातून मला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. संध्याकाळी पेढा आमच्या सोफ्यावर असेल, पुढचं पुढे.

तेवढ्यात माझ्या बुटाजवळून ससा उठला. ज्याला पहिला ससा दिसेल त्याने ओरडून सांगायचं, असा नियम आहे. वर्गात शिकवलेला, मी शंभर टक्के मिळवलेला. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. मोठे कुत्रे लांब होते. कोणालाच दिसलं नव्हतं. वारा माझ्याकडून पेढ्याकडे होता, एवढंच वाईट झालं.

पेढ्याने डोकं उचललं. मग तो उठला. ते भलंमोठं पोट घेऊन तो माझ्याजवळ आला, माझ्या बुटाचा वास घेतला, मला ओळखून शेपूटही हलवली, आणि गवतात नाक घालून त्याने ती हाळी दिली. रान दणाणलं. मोठे दोन्ही कुत्रे आपलं काम सोडून त्याच्या मागे लागले. पुढची फेरी मी डोळ्यांनी बघितली नाही, कोणीच बघितली नाही. आम्ही उभे राहून ऐकली. ओढ्याकडे गेला, जाळ्यांमधून वळला, वरच्या कुंपणाशी अडखळून गप्प झाला, पुन्हा रेघ सापडली, आणि तो आवाज गोल फिरून आमच्याकडे आला. डॅरेलने टोपी काढली होती. ससा बिळात शिरला आणि वाचला, ही त्या दिवसातली एकमेव चांगली बातमी.

“चाळीस वर्षांत असं पिल्लू पाहिलं नाही,” डॅरेल म्हणाला. त्याने माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते काटे लागल्याने आलं असं समजून त्याने रुमाल दिला.

ट्रकपाशी आल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, “मग माझे पेपर आता होतील ना?”

“कसले पेपर?”

“ग्रीन कार्डाचे.”

“ते तर मी जुलैमध्येच सही करून वकिलाकडे पाठवले,” डॅरेल म्हणाला. “तुला कोणी सांगितलं नाही? आणि तू कुठल्याही लिस्टवर नव्हतास. तुझ्याशिवाय ते रात्रीचं बिलिंगचं सॉफ्टवेअर कोणाला चालवता येतं?” मग तो माझ्याकडे नीट बघायला लागला. “त्याचा कुत्र्याशी काय संबंध?”

मी बाहीला चिकटलेली कुसळं काढायला लागलो.

“मी पिल्लू दिलं,” तो म्हणाला, “कारण तू तेव्हा महिनोन्महिने तोंड पाडून बसायचास. म्हटलं, घरात कुत्रं असलं की माणसाला बरं वाटतं.” त्याने पेढ्याच्या कानामागे खाजवलं. “तुझ्या मुलीला लळा लागलाय का याचा? मला काय, घरी अजून दोन आहेत याच्या भावंडांतले. तुम्हाला ठेवायचाय का हा? ठेवायचा असेल तर सांग. घेऊन जा.”

आता इथे वाचकाने माझ्या जागी स्वतःला ठेवून बघावं. आपल्याकडे एखाद्याने काही देऊ केलं तर आपण पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो. हवं असलं तरी म्हणतो. हवं असलं तर जास्तच म्हणतो. मग समोरचा म्हणतो, अहो घ्या हो. आपण म्हणतो, छे छे, कशाला. मग तो रागावतो, आपल्या हातात कोंबतो, आणि आपण नाइलाज झाल्यासारखं घेतो. पहिल्या हाकेला हात पुढे करणारा माणूस हावरट. हे मला कोणी शिकवलेलं नाही, आईच्या दुधाबरोबर आलेलं आहे. माझं सगळं मन ‘हो’ म्हणून ओरडत होतं आणि तोंड आपल्या संस्कारांप्रमाणे हललं.

“नो, नो,” मी म्हणालो. “इट्स ओके. तुमचा कुत्रा आहे. प्लीज.”

आणि मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत उभा राहिलो.

“ऑल राइट देन,” डॅरेल म्हणाला. अमेरिकेत माणूस ‘नको’ म्हणाला म्हणजे त्याला नको असतं. त्याने पेढ्याला उचलून ट्रकमागच्या कुत्र्यांच्या पेटीत मोठ्यांबरोबर सोडलं आणि दार लावलं. मी अजूनही उभा होतो. भीड भिकेची बहीण, असं म्हणतात ते खोटं आहे. भीक मागणारा निदान तोंड तरी उघडतो. आतमध्ये पेढा मोठ्या कुत्र्यांना हुंगत होता आणि त्याची शेपूट जाळीवर आपटत होती. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याचा दिवस फार चांगला गेला होता.

घरी आलो तेव्हा रुही ड्राइव्हवेच्या टोकाला बसली होती. मी एकटाच उतरलो. तिने गाडीच्या मागच्या सीटवर बघितलं, मग पुढच्या.

“ही वॉज गुड?” तिने विचारलं.

“खूप,” मी म्हटलं. “सगळ्यांत चांगला.”

तिने मान हलवली. “डिड यू आस्क हिम, बाबा? टु लेट अस कीप हिम?”

नीलांबरी दारात येऊन उभी राहिली होती.

“हो,” मी म्हटलं. “विचारलं. नाही म्हणाला.”

रुही उठली. “दॅट्स सो मीन,” ती म्हणाली आणि आत गेली. मी जाकीट काढून गराजमध्ये टांगलं. आत वरणभाताचं भांडं अजून जमिनीवरच होतं, चाटून लख्ख केलेलं.

डिसेंबरात कंपनीची पार्टी झाली, मुलाबाळांसकट. डॅरेल आम्हाला शोधत आला. त्याने रुहीसाठी पेढ्याचा एक मोठा फोटो फ्रेम करून आणला होता, वर लाल रिबन. तिच्यासमोर गुडघ्यावर बसून त्याने तो पुढे केला. रुहीने हात मागे घेतले, त्याच्याकडे पाठ केली आणि नीलांबरीच्या पदरात तोंड लपवलं. डॅरेल उठला आणि त्याने हसून फ्रेम माझ्या हातात दिली.

“लाजाळू आहे,” तो म्हणाला. “बापावर गेलीय.”

मी हसलो आणि थँक यू म्हणालो.